अकराव्या मिनिटावरचा अंगठा

मी एक जुने, किल्ली द्यावी लागणारे स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कोणावर ठेवत नाही. धावणाऱ्यांची वेळ मोजण्यात माझी सगळी उमर गेली, आणि त्या उमरीत मी एकच गोष्ट शिकले: वेळ फार चांगली आली, की समजावे, कुठेतरी पाणी मुरते आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. मोठ्या पेढ्याएवढे गोल, चकचकीत अंग. सेकंदांचा एक मोठा काटा, मिनिटांसाठी पोटात एक छोटी तबकडी, आणि डोक्यावर खटका. खटका दाबला की मी सुरू, पुन्हा दाबला की बंद. तिथल्या कारागिराने मला कानाला लावून ऐकले आणि मान डोलावली. आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी. तिच्यावर मात्र मी विश्वास ठेवला, कारण तेव्हा मी नवे होते.

पुढे मी शिरपूर जैनजवळच्या एका गावातल्या शाळेत आले. तिथले खेळाचे शिक्षक इंद्रभान सर रोज सकाळी मला किल्ली देत, रुमालाने पुसत आणि दोरी गळ्यात अडकवत. त्यांच्या छातीवर मी वीस वर्षे झुलले. मुले धावायची आणि मी मोजायचे. मुलींना तेव्हा शंभर मीटर आणि लिंबू-चमचा एवढेच. लांब पळून त्यांना कुठे जायचे आहे, असे गाव म्हणे.

संशयाचा रोग मला तिथेच जडला. एक मुलगा तीन चकरा बाभळीमागे बसून काढायचा आणि शेवटच्या चकरीला सगळ्यांच्या पुढे यायचा. एकदा एका पाहुण्या मास्तरांनी आपल्या पुतण्यासाठी खटका दोन सेकंद आधीच दाबला. आरडाओरडा झाला तेव्हा ते म्हणाले, "घड्याळच खराब हाय." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. त्या दिवसापासून मी पाय पाहत नाही. आधी अंगठा पाहते.

मग आकडे दाखवणारी घड्याळे आली. मला शाळेच्या कपाटात, फुटलेल्या व्हॉलीबॉलशेजारी जागा मिळाली. कित्येक वर्षे कोणी किल्ली दिली नाही. अंगात गंज उतरतो तेव्हा फार दुखते, मित्रांनो. त्याहून जास्त दुखते ते कपाट उघडून कोणी दुसरेच काही काढते तेव्हा. सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि कपाट आवरताना मी मिळाले. शाल त्यांनी कोणाला तरी देऊन टाकली. मला ठेवून घेतले.

निवृत्तीनंतर सर घरी बसले नाहीत. गावाबाहेर ई-क्लासची, म्हणजे गावाच्या वापराची सरकारी मोकळी जमीन आहे. तिथे त्यांनी टेप धरून बरोबर चारशे मीटरची लांबट चकरी आखली. चुना लावलेले गोटे तिच्या कडेने मांडले. आता सर मुलींना पळवायचे म्हणत होते. पहिल्या दिवशी त्यांनी मोबाईलवर वेळ घेतली, तर मधेच जावयाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या गळ्यात होते.

मुली आल्या चारच. त्यांत तांड्यावरची निता होती, लालसिंगची पोरगी, वय सोळा. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात, आणि दोन वर्षांपासून निताही मोळ्या बांधायला जाऊ लागली होती. शाळा तेवढे महिने बुडायची. बुडालेली शाळा पुढच्या वर्षी कुठे सापडते?

सर दमलेल्या मुलींना मोबाईलवर शर्यती दाखवत. एकदा अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींची शर्यत लागली. दोनशेहून जास्त मुली चिखलातून सहा किलोमीटर धावत होत्या. समालोचन करणारे लोक तावातावाने वाद घालत होते, की लांबच्या शर्यतींत अमेरिकेच्या बायकांचे पुढे काय होणार. मी मनात म्हटले, उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढचे कोणाला दिसले आहे?

निताने विचारले, "सर, त्याइच्या बाया जिंकतीन का?"

सर म्हणाले, "जिंकणारी पाहू नको. चाळीसावी पाह्य. तिथं बी एका काळी बायांले लंबं पयू देत नोते. आता चाळीसावी पोरगी बी कशी जीव तोडून पयून राह्यली! जिथं चाळीसावी अशी पयते ना, तिथली पयली कोनाले आयकत नाई."

निताने मागे वळून आपल्या तीन मैत्रिणींकडे पाहिले. "मंग आमी चाळीसावी कुठून आणाव?"

सरांनी मोबाईल खिशात ठेवला.

निता तीन हजार मीटर धावायची. साडेसात चकरा, अकरा मिनिटे तीस सेकंद. महिनोन्‌महिने तेवढेच. वाशीमला जिल्ह्याची निवड चाचणी होणार होती आणि सरांच्या हिशेबाने अकरा मिनिटांच्या आत येणारीला तिथे काही आशा होती. सर तांड्यावर गेले आणि लालसिंगशी बोलले. लालसिंग मोजके बोलणारा माणूस. तो म्हणाला, "अकराच्या आत आली तं ठेवतो. नाई आली तं कारखान्यावर नेतो. मंग तुमी पाय धरले तरी आयकनार नाई."

दसरा झाला, सोयाबीन निघाले, आणि एका सकाळी सरांनी खटका दाबून मला डोळ्यांजवळ नेले. दहा मिनिटे अडतीस सेकंद. सरांनी दोन वेळा चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी दहा एकोणचाळीस. गावभर बोभाटा झाला. शिरपूरच्या स्टँडवर फ्लेक्सचे दुकान चालवणाऱ्या देवानंदने निताचा हा मोठा फोटो आणि त्याखाली लाल अक्षरांत माझी वेळ लावली. लालसिंगने तो फ्लेक्स एसटीतून उतरताना पाहिला आणि घरी जाऊन म्हणाला, "राह्य तू रंगूबाईपाशी." रंगूबाई म्हणजे त्याची आई.

सगळे हसत होते. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. जी मुलगी सहा महिन्यांत पाच सेकंद हलली नाही, ती आठवड्यात बावन्न सेकंद कशी हलते? आधी मी स्वतःवर संशय घेतला. म्हातारी कमान, ढिली झाली असेल. पण सरांनी मला रोज मोबाईलशी ताडून पाहिले होते, मी ठीक होते. मग मी निताचा संशय घेतला, पण ती एकही कोपरा कापत नव्हती. उरले सर. त्यांचा अंगठा मी चार दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिला. अंगठा सरळ होता. दुधाने तोंड पोळलेले ताकही फुंकून पिते, तसे माझे झाले होते. तरी ताकातच काहीतरी होते.

ते निताने शोधले. पाचव्या दिवशी धावणे झाल्यावर ती सरांजवळ आली आणि खाली पाहत म्हणाली, "सर, माये पावलं कमी भरून राह्यले."

"कोनते पावलं?"

"मी पयताना पावलं मोजते. एका चकरीत तीनशे वीस भरत होते. आता तीनशे बी भरत नाई."

"ताकद आली तं पाऊल लंबं पडते, पोरी."

"मंग लंब्या बाजूचे तेवढेच काहून? आखूड बाजूचेच कमी झाले."

सरांनी आखूड बाजूकडे पाहिले. घरी जाऊन त्यांनी टेप आणला. चकरी तीनशे सत्तर मीटर भरली.

मैदानाच्या एका कडेला ताडपत्र्यांवर सोयाबीन वाळत होते आणि शेजारच्या शेताची मालकीण गोमतीबाई पायाने ते खालीवर करत होती. सरांनी विचारले तर ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, "हो मास्तर, म्याच सरकवले गोटे. पोरी सोयाबीनवरून पयतीन, पाय घसरतीन त्याइचे. म्हून पुरी रांग आत घेतली. पाहा ना, कशी सुताले सूत लावली!"

खरेच, रांग सुताला सूत होती. म्हणून तर कोणाच्या लक्षात आले नाही. मी सगळ्या माणसांचा संशय घेतला, आणि गोट्यांकडे एकदाही पाहिले नाही.

आता जे सांगते ते सांगताना मला जड जाते. सर इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "निता, चाचणीले बारा दिवस हायेत. ऊसतोडीचा ट्रक पाच दिवसांनी जाते. बापाले सांगू नको. तो गेला की आपण खरी वेळ आणू."

ज्या माणसाच्या छातीवर मी वीस वर्षे विश्वासाने झुलले, त्याच्या तोंडून हे ऐकले. मला वाईट वाटले आणि सरांचा रागही आला. निता तशीच घरी निघून गेली. मला वाटले, तीही गप्प राहणार. माझा संशय, नेहमीप्रमाणे, सगळ्यांना पुरून उरला होता.

ट्रक जायच्या आदल्या सकाळी लालसिंग मैदानावर आला. निताने त्याला सगळे सांगितले होते, गोट्यांसकट. लालसिंग सरांना एवढेच म्हणाला, "गुरुजी, पोरगी खरं बोलली. तुमी नाई बोलले. आता खटका मी दाबतो. मोबाईल खिशात ठेवा."

सरांनी दोरी गळ्यातून काढली आणि मला त्याच्या हातात दिले. "लालसिंगभाऊ, छोटा काटा अकरावर अन् मोठा काटा वर आला, की झाले अकरा. त्याच्या आत पोचली पाह्यजे."

"समजलं."

गोटे जुन्या जागी गेले होते. टेपने पुन्हा मोजणी झाली. गोमतीबाईने आपले सोयाबीन स्वतःच मागे ओढले होते आणि ती अपराध्यासारखी उभी होती.

लालसिंगचा हात कोयता धरून दगडासारखा झालेला. त्याचा अंगठा फुटलेला, टणक. तो खटक्यावर बसला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. निता सुटली आणि त्याने खटका दाबला.

पहिल्या तीन चकरा त्याची नजर माझ्यावरच होती. मग ती निताकडे जाऊ लागली. आपली पोरगी पळताना त्याने कधी पाहिलीच नव्हती. तो पहाटेच मजुरीला, ती मैदानावर. सहाव्या चकरीला निताचे तोंड वेडेवाकडे झाले, पण पाय थांबले नाहीत. सातव्या चकरीला लालसिंग पुटपुटला, "कशी पयून राह्यली वं, माय!"

शेवटची अर्धी चकरी. छोटा काटा अकराजवळ सरकत होता, मोठा वर चढत होता. निता शेवटच्या सरळ बाजूवर आली. लालसिंगने मला डोळ्यांजवळ नेले. मोठा काटा वर आला. अकरा. निता अजून पंधरा-वीस पावले लांब होती.

तिने चुन्याची रेघ ओलांडली. खटका दाबला गेला नाही.

ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. "बा, किती?"

लालसिंगने मला तिच्यापुढे धरले. माझा काटा तसाच धावत होता. तो म्हणाला, "दाबाचं राहूनच गेलं, पोरी. तुलेच पाहत राह्यलो."

सरांनी मान खाली घातली. लालसिंगने मला त्यांच्या हातात ठेवले, टॉवेलने तोंड पुसले आणि म्हणाला, "ट्रक सकाळी जाईन. आमी दोघं जातो. हे राह्यन." मग तो मागे न पाहता तांड्याकडे चालू लागला.

वाशीमला निता दहा अठ्ठावन्नमध्ये आली. ती वेळ तिथल्या यंत्राने घेतली, आणि पुन्हा पुन्हा विचारूनही मला तिच्यात खोट सापडली नाही. नंबर चौथा आला. पुढच्या स्पर्धेला तिघीच गेल्या. देवानंदने नवा फ्लेक्स लावला नाही, पण जुना मात्र काढला. निता मात्र शाळेत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती रंगूबाईच्या शेजारच्या दोन पोरींना हाताला धरून मैदानावर घेऊन आली. आज आमच्या ई-क्लासवर तेवीस मुली धावतात. सर दर सोमवारी टेप घेऊन चकरी मोजतात. शेवटची मुलगी आल्याशिवाय निता मला बंद करू देत नाही. "तेविसावीची वेळ सांगा, सर," म्हणते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातल्या जुन्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्या. वेळ चांगली आली तर पेढे वाटण्याआधी जमीन मोजा. आणि शेवटून येणाऱ्या मुलीसाठीही थांबा, कारण पहिलीचा जोर तिच्यामुळेच वाढतो.

राहिला माझा रोग. तो जायचा नाही. त्या सकाळी लालसिंग खरेच विसरला होता का? मोठा काटा वर आला तेव्हा त्याचा अंगठा खटक्यावरच होता. मला तो लागत होता. आणि मग, निता अजून लांब असतानाच, तो अंगठा हळूच उचलला गेला. आयुष्यात मी इतके संशय घेतले आणि प्रत्येकाचा छडा लावायची मला घाई असायची. हा एक संशय मात्र मी तसाच जपून ठेवला आहे.