दोन तोट्या, एक ओटा

छावणीत अभ्यासाला आलेल्या बाईंना सगळे अभ्यासबाईच म्हणायचे. लढाईनं उठवलेली माणसं मदतीच्या आधारानं पुन्हा कशी रुजतात, हा त्यांचा विषय. छावणीच्या एका अंगाला डोंगरातले लोक, दुसऱ्या अंगाला नदीकाठचे. याच दोघांनी एकमेकांची घरं जाळलेली. मधोमध ओट्यावर पाण्याची एकच तोटी, आणि रोज सकाळी तिथं भांडण ठरलेलं.

"नंबर माझा आहे, आक्का," डोंगरातली मावशी म्हणायची.

"नंबर तुझा, पण पाणी काय तुझ्या बापानं सोडलंय?" नदीकाठची आक्का हंडा पुढे सरकवायची.

"त्यानं सोडलं असतं तर तुला थेंब मिळाला नसता. पोरगा आला का तुझा?"

"येईल तेव्हा येईल. तुला काय त्याचं लग्न लावायचंय?"

"तुझ्यासारखी सासू बघून पोरगी कोण देणार?"

मदतसंस्थेच्या साहेबांनी तोडगा काढला होता. नदीकाठच्यांना पलीकडच्या टोकाला वेगळी तोटी, आणि छावणीच्या मधून कुंपण. फक्त अभ्यासबाईंच्या शिफारशीची वाट होती. त्यांनी मनात हो म्हणूनही टाकलं होतं. महिनोन्‌महिने त्या ही भांडणं ऐकत होत्या, आणि प्रत्येक भांडण त्यांनी वैराच्या खात्यात टाकलं होतं.

आनंदाची बातमी म्हणून त्या आक्काला सांगायला गेल्या. आक्का तंबूची फाटकी कड शिवत होती.

"म्हणजे ती डोंगरातली इकडे यायची नाही?"

"नाही. मधे कुंपण असेल."

"बरं झालं. रोजची कटकट गेली." सुई दोनदा आत-बाहेर झाली आणि कापडातच राहिली. "लढाईत हरवलेल्या माझ्या पोराचं नाव आमच्यात आता कुणी काढत नाही, बाई. मी दिसले की बोलणं फिरवतात. माझी दया येते त्यांना. त्या सटवीला दयाबिया काही येत नाही. ती रोज विचारते."

 परतताना अभ्यासबाई तोटीपाशी थांबल्या. रांग वळण घेऊन पार तंबूंच्या मागे गेलेली. एक गरोदर बाई हंड्यावरच टेकली होती. कुणाच्या भांडणासाठी हिला ताटकळत ठेवायचं, हेही काही शहाणपणाचं नव्हतं.

साहेबांना त्यांनी सांगितलं, "तोटी दुसरी द्याच. पण त्याच ओट्यावर. कुंपण नको."

"यानं भांडण मिटणार नाही, बाई."

"नाही मिटणार."

साहेबांनी मान हलवली, पण तोटी बसवली.

पहिल्या सकाळी दोन धारा शेजारी-शेजारी पडत होत्या. मावशी एकीखाली, आक्का दुसरीखाली. नंबराचा प्रश्नच उरला नव्हता. दोघी आपापल्या हंड्यात बघत उभ्या. पाणी चढत गेलं, गळ्याशी आलं. मावशीनं हंडा उचलून कमरेवर घेतला आणि ती वळली. रांगेत मागे उभ्या अभ्यासबाईंनी टाचा उंचावून पाहिलं. आक्कानं मान वर केली नाही.

मावशी दोन पावलं जाऊन थांबली.

"तुमच्या तोटीला धार मोठी दिसतेय गं."

"डोळे फुटलेत तुझे," आक्का म्हणाली. तिचा हंडा भरून वाहत होता, तरी तिनं तोटी बंद केली नाही.

"ते असू दे. पोरगा आला का?"