बिडाची पेटी

मी एक रेडिओ आहे, पण मला घडवलं ते दातेरी चाकं कापणाऱ्या माणसांनी. हसू येत असेल तर हसून घ्या, मीही त्यांना हसतच आलोय.

आमचा कारखाना खोपोलीचा. भाताच्या गिरण्यांची, उसाच्या चरकांची गिअरं तिथे बनत आणि खरं सांगायचं तर बरी बनत. तेवढ्यावर थांबले असते तर चार लोकांत मान राहिला असता. पण लढाई लागली, विलायती रेडिओ यायचे बंद झाले आणि मालकांच्या डोक्यात किडा वळवळला. "रेडिओत असतं काय? एक पेटी आणि फिरवायचं बटण. आपल्याला जमणार नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या कामात आमच्या कारखान्याचा हात कुणी धरला नसता.

मुंबईहून काचेचे व्हॉल्व्ह आणले आणि आमचा जन्म झाला. पेटी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कारण लाकूडकाम म्हणजे यांना कमीपणा. काटा सरकवायला इतर लोक दोरी लावतात, यांनी गिअरं लावली. बटण फिरवता फिरवता स्टेशन लागेपर्यंत बातम्या संपत. वर ग्रीसही थापलं होतं.

तपासणीवर होता भिवाजी, मूळचा पोशीरचा. चाक टांगायचं, त्यावर हातोडी मारायची. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर परत भट्टीत, ही तिथली रीत. भिवाजीला आपल्या कानाचा भारी गर्व. रेडिओ आले तरी याची हातोडी थांबली नाही. तो प्रत्येक पेटीवर ठोका हाणी, बीड सुरेख वाजे आणि हा "पास" म्हणे. आत व्हॉल्व्ह फुटलेला असे. ते मुके रेडिओ ऐटीत बाहेर पडले आणि शिव्या खात परत आले. पावसाळा सरायच्या आत मालकांनी ते खातंच बंद केलं.

माझी पाळी आली तेव्हा जेवणाचा भोंगा झाला. भिवाजीने घाईत नुसती टिचकी मारली, म्हणून मी वाचलो. उरलेल्या पेट्या दसऱ्याला कामगारांना वाटल्या आणि मी नेमका याच्याच घरी, कंपनीच्या चाळीत आलो. त्याची बायको सुंदरा मला हळदकुंकू वाहायची. मला तिचीही कीवच यायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा गजा फौजेत, इटलीकडे होता. एकदा शेजारचा इद्रिस, तोही फौजेतलाच, रजेवर आला आणि म्हणाला, "चाची, गजानं यंत्रात बोलून ठेवलाय निरोप. या आयतवारी दुपारी रेडिओवर लागनार हाय."

रविवारी सारी चाळ त्या खोलीत कोंबली होती. सुंदरा नवं लुगडं नेसून माझ्यासमोर बसली. भिवाजीने सकाळपासूनच काटा लावून ठेवला होता. एकेकाचे निरोप झाले आणि मग घरघरीतून तो आवाज आला.

"आये, मी गजा. मी बरा हाय. आये, तुला येक सांगायचं व्हतं..."

"आवाज बद्द येतोय," भिवाजी म्हणाला. त्याचा हात हातोडीकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या अवो," सुंदरा म्हणाली, "कळतंय मला."

पण ज्याची हयात बद्द आवाज पकडण्यात गेली, तो ऐकतो होय? त्याने ठोका मारला. पेटी खणखणीत वाजली आणि मी गप्प झालो. तो आपला सवयीने पेटीला कान लावून उभा. त्या माणसाचा मला इतका संताप कधीच आला नव्हता.

गजा परत आला नाही. तो गेल्याची तार आली त्या आठवड्यात भिवाजीने तपासणी सोडली आणि भट्टीवर काम मागून घेतलं. सुंदरा मात्र रोज माझ्यावरची धूळ पुसते. तिची समजूत अशी की गजाचं उरलेलं बोलणं माझ्यात अडकून बसलंय. काय तरी खुळी बाई! माझ्यात काहीएक उरलेलं नाही. तो शब्द त्याच दुपारी हवेत विरला.

आता लढाई संपून तीन वर्षं झाली. काल कर्जतचा लडकू मेकॅनिक माझं झाकण उघडून म्हणाला, "येकच व्हॉल्व्ह गेलाय, काका. परवा बसवतो. बोलंल." भिवाजीचा चेहरा उजळला. केलेलं निस्तरायची घाई झाली असेल त्याला.

"म्हंजे गजाचं ऱ्हायलेलं ऐकाया येल?" सुंदराने विचारलं.

लडकूने भिवाजीकडे पाहिलं. भिवाजी जमिनीकडे बघत राहिला. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

उद्या मी बोलेन. बाजारभाव सांगेन, गाणी म्हणेन. ती माझ्यासमोर नवं लुगडं नेसून बसेल.

भिवाजी, तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही, तेवढी तुझी लायकीच नव्हती. आज मागतो. ती हातोडी काढ. लडकू यायच्या आत माझं झाकण उघड आणि या वेळी पेटीवर नको, आत मार.