सातवं ऐतिहासिक स्थळ

नदीच्या खोऱ्यातून जाणारी पायवाट चौदा किलोमीटरची आहे आणि तिच्यावर सात ऐतिहासिक स्थळं आहेत. जुना दगडी पूल, पाणचक्की, टेहळणीचा बुरूज, होडीवाल्यांची चौकी, पडकी वखार, हद्दीचा खांब आणि रंगाऱ्याचं स्वयंपाकघर. पहिली सहा आपोआप झाली, म्हणजे माणसांनी बांधली आणि मग विसरली. सातवं कसं झालं हे समजायला मात्र रंगाऱ्याची कामाची पद्धत समजून घ्यायला हवी.

पायवाट विभागाने रंगाऱ्याला पिवळ्या रंगाचा डबा दिला आणि सांगितलं, की जिथे वाट फुटेल तिथे आपण ज्या बाजूला वळलो त्या बाजूचा बाण काढायचा. रंगारी सांगितलेलं काम शब्दाला धरून करणारा माणूस. तो रोज सकाळी दुधाच्या गाडीने कामाच्या जागी जायचा आणि दुपारी भूक लागली की चालत घरी जेवायला यायचा. वाटेत जिथे जिथे वाट फुटे तिथे तिथे तो थांबून बाण काढी. जेवण झालं की परत दुधाची गाडी. गाडी डांबरी रस्त्याने जाते, आणि डांबरी रस्ता म्हणजे काही पायवाट नव्हे, म्हणून तिथे बाण नाही.

असे अकरा दिवस गेले. काम संपलं तेव्हा खोऱ्यातला एकूण एक बाण रंगाऱ्याच्या घराकडे येत होता आणि तिथून कुठेही जात नव्हता. शेवटचा बाण घराच्या आत होता. दारातून आत आलं, की डावीकडे बैठकीची खोली आणि उजवीकडे स्वयंपाकघर. तिथेही वाट फुटतच होती.

पहिले आले ते जाड बुटांतले नवराबायको. रंगाऱ्याची बायको बटाटे सोलत होती. बुटांतल्या नवऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, की हा ओटा कुठल्या काळातला. ती म्हणाली, माझ्या लग्नाच्या वर्षीचा. त्याने ते वहीत लिहून घेतलं. रविवारपर्यंत चाळीस माणसं आली. भिंतीला पाठ लावून, कुणी कुणाशी न बोलता, ती सोललेल्या सालींकडे बघत उभी राहायची. एकाने माहितीपुस्तकातलं पाणचक्कीचं पान मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा सगळ्यांनी माना वळवून मिक्सरकडे आदराने पाहिलं.

रंगाऱ्याच्या बायकोने त्याला बाण पुसून टाकायला सांगितलं. त्यावर त्याने तिला शांतपणे समजावलं, की आपल्याकडे काढायचं काम आहे, पुसायचं काम दुसऱ्याकडे असतं, आणि तो दुसरा अजून नेमलेला नाही.

खरं तर गर्दीचंही तिला एवढं वाटलं नसतं. तिला घाई होती ती खिडकीची. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे चाळीस पावलांवर नदी आहे, पण भिंत सलग. एकोणीस वर्षं तिने नदी नुसती ऐकली होती. भर दुपारी दिवा लावून ती भाजी निवडायची. खिडकी पाडू या म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, वारा येईल, आणि रंगारी म्हणायचा, आई म्हणते वारा येईल. शेवटी या वर्षी तिने दोघांनाही न विचारता सुताराकडून चौकट करून घेतली, अंगणात आणून उभी केली आणि गवंड्याला बुधवार सांगितला.

सोमवारी विभागाचं पत्र आलं. महिन्याभरात पुलावर बारा माणसं गेली, बुरुजावर तीन, आणि आपल्या स्वयंपाकघरात चारशे सहा, तेव्हा सदर स्वयंपाकघर ऐतिहासिक ठरवण्यात येत आहे. मंगळवारी नोंद होईल. नोंद झाल्यावर एक वीटही हलवता येणार नाही.

तिने पत्र दोनदा वाचलं, त्याची घडी केली आणि अंगणात जाऊन चौकटीतून नदीकडे बघत उभी राहिली.

मंगळवारी नोंदणीसाहेब आले. त्यांनी खुर्ची अंगणात मागवली आणि घराकडे पाठ करून बसले. बायकोने म्हटलं, साहेब, आत येऊन बघा तरी. साहेब म्हणाले की बघितलं तर नोंद बिघडते. डोळ्यांना फक्त आजचं दिसतं, आणि आम्हाला पूर्वीचं लिहायचं असतं. म्हणून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाने सांगायचं आणि आम्ही लिहायचं, अशी पद्धत आहे.

"आणि तुम्ही लिहिलेलं घरात नसलं तर?" तिने विचारलं.

"नोंद चुकत नाही, बाई. घरं चुकतात. मग आमचे गवंडी येऊन घर नोंदीप्रमाणे करून देतात. बुरूज आधी दोन मजली होता. एका म्हाताऱ्या होडीवाल्याला तीन मजले आठवले. आता तीन आहेत."

ती तशीच मागल्या दारी गेली. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. तिने खाली बसून चार शेंगा सोलल्या आणि मग सगळं सांगितलं. तुम्ही सांगाल ते होईल, आई. एवढी एक खिडकी सांगा. सासूबाईंनी एक शेंग उघडली, आत दाणाच निघाला नाही म्हणून बाजूला टाकली, आणि बघू म्हणाल्या. एवढंच.

साक्ष सुरू झाली. ओटा, फळ्या, मोरी, दाराची उंची. सासूबाई एकेक सांगत होत्या आणि साहेब तीन प्रतींत लिहीत होते. सून दाराशी उभी होती. रंगारी तिच्या मागे उभा होता, कारण त्याला कुठे उभं राहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

"पूर्वेच्या भिंतीत काय, आजी?"

सासूबाईंनी पदराला चिकटलेलं मटाराचं साल काढलं, न्याहाळलं आणि टाकून दिलं. सुनेच्या हातातला टॉवेल पिळून दोरीसारखा झाला.

"खिडकी," त्या म्हणाल्या.

"केवढी?"

"नदी मावेल एवढी."

सुनेच्या जिवात जीव आला. पण सासूबाई अजून उठल्या नव्हत्या. माणसांचंही लिहिता का, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, हो तर, घरातल्या वागण्याबोलण्याला नववा रकाना आहे.

"मग लिहा. या घरातली सून सासूला उलट बोलत नाही. सासूने चहा मागितला की आधी चहा, मग बाकीचं जग."

सुनेने तोंड उघडलं. साहेबांनी लेखणी वर धरली आणि सांगितलं, की एका ओळीला जरी हरकत आली तरी सगळी साक्ष रद्द होते, अगदी पहिल्या शब्दापासून. "बाई, आहे काही हरकत?"

सासूबाई आभाळाकडे बघत होत्या, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. रंगारी बायकोच्या पाठीकडे बघत होता. तिने वळून स्वयंपाकघरात पाहिलं. दिवसाढवळ्या दिवा चालू होता.

"नाही," ती म्हणाली.

आठवड्यात विभागाचे गवंडी आले. खिडकी कशी काय बुजवली म्हणून ते सर्वांवर रागावले आणि अंगणातली चौकट बसवून गेले. नदी खरोखरच मावली. काठावरच्या झाडांचीही थोडी जागा झाली. सासूबाई दोन दिवस शाल लपेटून बसल्या, मग उकडतंय म्हणून त्यांनी ती काढून ठेवली.

नोंद मात्र ओट्याच्या वर फ्रेम करून टांगली आहे, आणि येणारे लोक नववा रकाना आधी वाचतात. दर शुक्रवारी विभागाचा तपासनीस येतो आणि कोपऱ्यात बसून सुनेकडे लक्ष ठेवतो. सासूबाईंना हे लवकरच कळलं. शुक्रवारी त्यांना जरा जास्तच तहान लागू लागली.

परवाच्या शुक्रवारी हा सकाळपासूनचा चौथा चहा होता. भिंतीला तीस माणसं टेकून उभी होती. सासूबाई म्हणाल्या, मघाचा पाणचट होता, पुन्हा टाक. तीस माना सुनेकडे वळल्या. तपासनिसाने पेन्सिलीला टोक काढलं. सुनेने हूं की चूं केलं नाही. तिने आधण ठेवलं, खिडकीशी गेली, बाहेर वाकली आणि नदीला म्हणाली, "सकाळपासून चौथा! पोट आहे का विहीर?"

तपासनिसाने नववा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. नदीशी कसं बोलायचं याबद्दल त्यात काही नव्हतं. त्याने पेन्सिल खिशात ठेवली.

"काय म्हणालीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्हाला नाही, आई. नदीला म्हणाले."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. मग आपली खुर्ची फरफटत खिडकीपाशी आणली, सुनेला जरा पलीकडे सरकायला लावलं, आणि त्याही बाहेर वाकल्या. सून नदीला काय काय सांगत होती, ते सगळं खोडून काढायला त्यांना संध्याकाळ झाली.