बाहीवरच्या दोन ओळी

स्नेझाना बल्गेरियाची. आखातातल्या मनामा शहरात एका इस्पितळात प्रसूती विभागात नर्स होती. रशीदाची मुलगी फिजा पायाळू जन्मली, तेव्हा आपली ड्यूटी संपली तरी स्नेझाना घरी गेली नव्हती. नऊ तास रशीदाच्या उशाशी उभी होती. पुढे उम्म अल हस्सम वस्तीत दोघी एकाच इमारतीत वरखाली राहू लागल्या. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं अरबी. पण कधी अडलं नाही.

शहाण्णव साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्नेझानाने लग्न ठरवलं. नवरा तिच्याच देशाचा, इथे इंजिनीअर. ती एक गाठोडं घेऊन रशीदाकडे आली. त्यात तिच्या आईचा लग्नाचा पोशाख होता: पांढरा लांब सदरा, वर घालायचा काळा बिनबाह्यांचा लोकरी झगा, लाल पट्ट्यांचं एप्रन. सदऱ्याच्या बाह्यांना आणि घेराला लाल दोऱ्याचं दाट भरतकाम.

"कापड जिथे संपतं तिथेच भरायचं," स्नेझाना म्हणाली. "तिथून वाईट नजर आत शिरते. तू फक्त इस्त्री कर."

रशीदा श्रीवर्धनची, शिवणकामात तरबेज. सदऱ्याला पेटीतला कुबट वास येत होता. असा कुबट सदरा नवरीच्या अंगावर? तिने तो कोमट पाण्यात भिजवला. थोड्या वेळाने पाहते तर बादलीत सरबतासारखं लाल पाणी. सदऱ्याच्या दोन्ही मनगटांभोवती गुलाबी डाग पसरले होते.

नवरा नजीब शिफ्टवरून आला तेव्हा ती रडत बसली होती.

"आत्ताच वर जा नि सांग," तो म्हणाला. "तिला आपणहून दिसायला नको."

रशीदा गेली. स्नेझानाने बाही हातात घेतली, बराच वेळ पाहिली. "खलास," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी रशीदा पुन्हा वर गेली. सोबत सूकच्या बाजारातून आणलेला लाल दोरा आणि एक रुमाल. बाहीवरची नक्षी आठवून आठवून तिने रुमालावर उतरवली होती.

"सिस्टर, डाग आहे तेवढ्या जागेत दोन ओळी वाढवते. तू हो म्हणालीस तर."

स्नेझानाने रुमाल उलटसुलट करून पाहिला. "किती वेळा उसवलंस?"

"सात."

स्नेझानाला हसू आलं. तिने खुर्ची पुढे सरकवली आणि सदरा आणायला आत गेली.

तीन आठवडे रोज संध्याकाळी स्नेझाना चष्मा लावून कापडाचे धागे मोजायची आणि रशीदा टाके घालायची. एकदा मोजता मोजता ती थांबली. "आई गेली तेव्हा मी इथे ड्यूटीवर होते. हे गाठोडं टपालाने आलं. इतकी वर्षं उघडलंच नाही मी." रशीदाने सुई बाजूला ठेवली. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. रशीदाने चहा केला, आणि स्नेझाना आईबद्दल बोलत राहिली.

लग्न शुक्रवारी दुपारी झालं. गावाहून आलेली थोरली बहीण वेसेला स्नेझानाची बाही धरून निरखू लागली. कडेच्या दोन ओळींवर तिचं बोट थांबलं. तिने आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. रशीदा पुढे सरकली.

"काय म्हणते ती?"

"म्हणते, या ओळी कोणाच्या?" स्नेझाना हसत होती, डोळे पुसत होती. "आमच्या आईचा टाका इतका सरळ कधीच नव्हता!"

तिने रशीदाकडे बोट केलं, तशी वेसेलाने रशीदाला जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तिला आपल्या शेजारी, घरच्या माणसांच्या रांगेत बसवलं.