झोपायची नोकरी

"मेला की काय हा?" मुकादमानं ह्यांच्या नाकाखाली बोट धरलं.

"मेले नाहीत, नोकरी करताहेत," मी म्हणाले. "हात लावू नका, खाडा पडेल."

आमचे हे गादीच्या कारखान्यात झोपायला होते, मी तिथंच खोळी शिवायला. शप्पत सांगते. नवी गादी तयार झाली की तिच्यावर माणूस झोपवून बघायचा, आणि तो माणूस म्हणजे हे. कुणी विचारलं, नवरा काय करतो, तर मी सांगायची, पडून असतो. विचारणारी बिचारी च्‌ च्‌ करायची. मग मी हळूच म्हणायची, पगारी. त्यावर तिचं तोंड जे व्हायचं, ते बघायला मी मुद्दाम थांबायची.

त्यांच्यासारखी झोप मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. एकदा वादळात घरावरचा पत्रा उडाला. मी भांडी धरून कोपऱ्यात उभी, आणि हे गाढ. गार वाटलं म्हणून झोपेतच हात वर केला, खाली आलेल्या एका ढगाचं टोक धरलं, ओढून पांघरलं आणि परत घोरायला लागले. सकाळी सदरा ओलाचिंब. ह्याच्यावर आणखी काय पुरावा हवा?

तर त्या दुपारी मुकादम घाबरला त्याला कारण होतं. झोपघरात नऊ खाटा होत्या. पांढरे पडदे, त्यातून गाळून आलेला उजेड, आणि नऊ माणसांचा श्वास. आत शिरलं की आपण पाण्याखाली चालतोय असं वाटायचं. प्रत्येक खाटेखाली एक तार, तारेच्या टोकाला पेन, पेनाखाली हळूहळू सरकणारा कागद. माणसानं कूस बदलली की पेन उडी मारायचं आणि रेघेला दात यायचा. बाकी आठांच्या कागदांवर थोडेथोडे दात होते. ह्यांची रेघ दोरीसारखी सरळ. एक दात नाही.

"जिवंत माणूस इतका गप पडतो का?" मुकादम पुटपुटला.

"थोरल्या भावाच्या गादीवर पडतो," मी म्हणाले.

हे थोरले म्हणजे माझे दीर. कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ते हातानं कापसाच्या गाद्या भरायचे. त्या खोलीत डोकावलं तर काही दिसायचं नाही, नुसता कापूस तरंगत असायचा आणि त्यातून दिरांचा खोकला ऐकू यायचा. सासूबाई लवकर गेल्या. दिरांनी धाकट्याला त्याच कापसाच्या ढिगात झोपवून वाढवला. रडायला लागला की मूठभर कापूस पिंजून त्याच्या अंगावर उडवायचे, म्हणे. पोर कापूस बघता बघता झोपून जायचं.

आता मालकांनी फोमच्या गादीचं यंत्र आणलं होतं. एका बाजूनं रसायन ओता, दुसऱ्या बाजूनं गादी घ्या. मालक दिरांना म्हणाले, "तुमच्या गादीला दुप्पट वेळ लागतो. बंद करू या."

"पण झोप लागते हो तिच्यावर," दीर म्हणाले.

"फोमवर नाही लागत?"

"माझ्या गादीवर जास्त चांगली लागते."

"हे तुम्ही म्हणता. दाखवा."

दाखवणार कसं? दिरांना गादी भरता येत होती, बोलता येत नव्हतं. मग मालकांनीच शहरातून एक आकडेमोड करणारी बाई बोलावली. पोरसवदा, चष्मा सारखा नाकावर घसरणारा, पेन्सिल दातात. आम्ही तिला आकडेबाई म्हणायला लागलो, आणि तिनंही ओ दिली. फरक खरा आहे असं ठरलं तर मागची खोली राहणार. नाही ठरला तर कुलूप. दीर आणि त्यांच्या हाताखालचे पाचजण घरी.

मुकादमाला घाई. "निम्मे लोक कापसावर टाका, निम्मे फोमवर. एका दुपारीत निकाल."

आकडेबाई हसली. "आणि कापसावर हा कुंभकर्ण आला, फोमवर माशी बसली तरी उठणारे ते कोपऱ्यातल्या खाटेवरचे मास्तर आले, तर? फरक गादीचा म्हणायचा की माणसाचा?"

"मग?"

"प्रत्येकाला त्याच्याशीच ताडून बघायचं. सगळे नऊ जण दोन्ही गाद्यांवर झोपणार. आधी कुठली, ते नाणं उडवून. मग मास्तरांच्या फोमवरच्या कुशींतून मास्तरांच्याच कापसावरच्या कुशी वजा. मास्तरांची चिडचिड दोन्हीकडे सारखीच, ती वजाबाकीत उडून जाते. उरतं ते गादीचं."

हे मला एकदम पटलं. नवरा चांगला की वाईट हे शेजारणीच्या नवऱ्याकडे बघून कधी कळतं का? जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा असा एकच नवरा ताडून बघावा लागतो.

आधी एक तालीम आणि पंधरा दिवसांनी खरी चाचणी, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. निकाल खऱ्या चाचणीचाच. गाद्यांच्या खोळी मी शिवल्या, दोन्हींच्या हुबेहूब, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नयेत. डोळ्यांना नाही आल्या. पण पाठीला कोण फसवणार? तालमीच्या पहिल्या दुपारी ह्यांनी कापसावर अंग टाकलं मात्र, की घरी पोचले; मुकादम घाबरला तो तेव्हाच.

आणि फोमवर? देवा रे. दुसऱ्या दिवशी त्या गादीवर ह्यांनी इतक्या कुशी बदलल्या की कागदावर करवत उमटली. पेनाची शाई संपली, हे माझं म्हणणं. मुकादम म्हणतो नुसतं पेन तापलं होतं.

दीर खूश. कागद वर धरून नाचवत होते. "बघा! धाकट्यानं दाखवून दिलं! इकडे शून्य, तिकडे चाळीस! आता बोला!"

आकडेबाई मात्र कपाळाला हात लावून बसली होती.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"ह्यांच्यामुळे तालमीत हरलो."

"अगं, सगळ्यांत जास्त तर ह्यांनीच दिलं की!"

"तेच तर." तिनं टेबलावर आठ पेन्सिली जवळजवळ मांडल्या. "हे आठ जण. प्रत्येकाची फोमवर एकदोन, फार तर तीन कुशी जास्त. थोड्याच, पण सगळ्यांचं बोट एकाच दिशेला. एवढं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं, फरक खरा." मग नववी पेन्सिल तिनं पार टेबलाच्या कडेला ठेवली. "आणि हे तुमचे. सरासरी वाढली, खरंय. पण पसारा त्याच्यापेक्षा जास्त वाढला. मी सरासरीला पसाऱ्यानं भागते, काकू. आठ जण हळू आवाजात एकच गोष्ट सांगताहेत आणि नववा इतका ओरडतोय, की गणिताला वाटतं, ह्या घोळक्यात काहीही होऊ शकतं. कशावर विश्वास ठेवायचा?"

"मग काढून टाक ना ह्यांना."

"का? आकडा मला आवडला नाही म्हणून? उद्या मालक म्हणतील, मास्तरांना काढा. मग?"

अति तिथं माती म्हणतात ती ही. हे दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. झोपेत नसले की फार गरीब दिसायचे.

"म्हणजे," हे म्हणाले, "दादाला वाचवायचं तर मला त्या दुसऱ्या गादीवर नीट झोपायला हवं?"

"मी असं काही म्हटलेलं नाही," आकडेबाई घाईनं म्हणाली. "तुम्ही तुमच्यासारखं झोपा."

घरी आल्यावर ह्यांनी सतरंजी पसरली. "मी पडतो. साधा माणूस झोपतो तसा. तू बघ."

"साधा माणूस कसा झोपतो?"

"ते तूच सांग. तू साधीच आहेस."

असा आमचा संसार. पंधरा दिवस रोज दुपारी मी जेवण झाल्यावर लवंडायची आणि हे शेजारी बसून माझ्या कुशी बघायचे. मग ते पडायचे आणि मी बघायची.

"वळू का आता?"

"झोपलेला माणूस विचारत नाही!"

"मग त्याला कळतं कसं?"

"कळत नाही म्हणून तर झोप म्हणतात तिला!"

मी हसून लोळायची. हे हसायचे नाहीत. आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं, की सतरंजीवर पडलेला हा माणूस आता ऐकत असतो. स्वतःचा श्वास ऐकतो, खांदा ऐकतो. झोप ही मोठी मानी बाई. तिच्याकडे टक लावून बघितलं की ती आल्या पावली परत जाते.

खरी चाचणी आली. नाण्यानं ह्यांना कापूस आधी दिला. हे झोपले, पण तसे नाही. रेघेला तीनचार दात आले. कापसावर मी पहिल्यांदाच बघितले.

दुसऱ्या दिवशी फोम. मी खोळींचा गठ्ठा घेऊन झोपघराच्या काचेशी उभी राहिले. पडदे हलत होते. आठ माणसं कुठेकुठे निघून गेली होती, मास्तरसुद्धा, आणि नववा त्या उजेडात एकटा मागे राहिला होता. बऱ्याच वेळानं त्यानं एक कूस बदलली, अगदी माझ्यासारखी, आधी गुडघा आणि मग खांदा. पेन उडालं. मग पुन्हा निपचित. असं त्या दुपारी पाचसहा वेळा. पण त्या पापण्या! इतकी वर्षं मी त्या पापण्या मिटलेल्या पाहिल्यात. ह्या मिटलेल्या नव्हत्या, धरून ठेवलेल्या होत्या.

तुम्ही म्हणाल लबाडी. असेल. पण कुणाच्या बाजूची, ते सांगा. भावाची गादी जिंकावी म्हणून हा माणूस तिच्या वैरिणीवर गुण्यागोविंदानं पडून होता.

संध्याकाळी आकडेबाईनं वजाबाक्या केल्या. नऊच्या नऊ बोटं एकाच दिशेला, नऊही जवळजवळ. "फरक छोटा आहे," ती मालकांना म्हणाली, "पण योगायोगानं असा येणं फार कठीण. खरा धरा." मग तिनं ह्यांचा कागद उचलला, उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला, आणि चष्म्यावरून ह्यांच्याकडे.

"झोप लागली होती?"

"पडून होतो," हे म्हणाले.

तिनं कागद खाली ठेवला. "आठांवरही हेच येतं," ती म्हणाली. "तुम्हाला सोडून करून बघायचं आधीच ठरवलं होतं मी. तेही लिहीन." आणि चष्मा पुसत बसली.

मालकांनी मागची खोली ठेवली. दीर त्या दिवशी कापसातून बाहेर आले ते पांढरे फटक, भुवयांवरसुद्धा कापूस, आणि सगळ्यांसमोर ह्यांना मिठी मारली. अर्धा कारखाना शिंकला.

ह्यांची झोप मात्र परत आली नाही. आज येईल, उद्या येईल, म्हणून आम्ही वाट बघितली. महिनाभरानं हे आपण होऊन आकडेबाईकडे गेले आणि म्हणाले, "माझी रेघ आता धरू नका. ती माझी नाही." तेव्हापासून ते माझ्या शेजारी बसून खोळींना बटणं लावायला लागले. बरी लावायचे. जांभई आली की दोघं एकदम द्यायचो.

दिरांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं; धाकटा बायकोच्या मदतीला बसतो, एवढंच त्यांना वाटायचं. कुणी सांगायचं? एका सुट्टीच्या दुपारी ते डोक्यावर गादी घेऊन घामाघूम दारात हजर.

"सर, धाकटे, सर बाजूला," ते मला म्हणाले. "ही त्याच्यासाठी. आजवर इतकी मऊ भरली नव्हती. कुठाय तो कुंभकर्ण?"

त्यांनी स्वतः ती खाटेवर टाकली, कोपरे थोपटले, सुरकुती काढली. "पड बघू."

हे पडले. दीर उशाशी बसले आणि उगाच काहीबाही बोलत राहिले, कापूस कुठून आणला, टाके किती जवळ घातले. मग त्यांचा आवाज हळू होत गेला. ह्यांचा श्वास लांब झाला, तोंड जरासं उघडलं, हात गादीवरून खाली लोंबला. खाटेखाली तार नव्हती, कागद नव्हता. कुणी मोजत नव्हतं.

"बघितलंस?" दीर माझ्या कानाशी येऊन कुजबुजले. डोळे भरून आले होते त्यांचे. "लहानपणी अस्साच पडायचा."

"हो ना, भावजी," मी म्हणाले.

त्यांनी चपला हातात घेतल्या, पावलं न वाजवता दारापर्यंत गेले, आणि दार ओढून घेताना कडीचा आवाज होऊ नये म्हणून तिच्याखाली बोट धरलं. हे तसेच पडून होते, पापण्या धरून. दीर जिन्यावरून पार खाली उतरून जाईपर्यंत ह्यांनी कूस बदलली नाही.