झरीच्या धुरपदाबाईची कुबडी

मी एक जुनी कुबडी आहे. मित्रांनो, नाव ऐकूनच तोंड वाकडं करू नका. छत्री, चष्मा, घड्याळ यांना आपली कहाणी सांगायला सगळे बोलावतात. कुबडीला कोण बोलावणार? म्हणून मी न बोलावताच आले आहे, आणि आले आहे तर सगळं सांगूनच जाईन.

माझा जन्म परभणीजवळच्या झरी गावात सटवाजी सुतारांच्या हातून झाला. लाकूड बाभळीचं, म्हणजे अंगाने मी काळी आणि वजनाने भारी. सटवाजींनी जन्मभर तिफणी, कुळव अशी शेतीची अवजारं केली होती, कुबडी कधीच केली नव्हती. जिच्यासाठी मला करायचं होतं ती धुरपदाबाई खाटेवर पडून होती. परक्या बाईच्या अंगाला मापाची दोरी कशी लावायची? म्हणून त्यांनी तिच्या नवऱ्याला, आसारामला, उभं केलं, त्याच्या काखेपासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि अंदाजाने चार बोटं कमी केली. तरी मी लांबच झाले. मग मला दोनदा कापावं लागलं. पाय मोडला तिचा आणि कापला माझा! सासूने, म्हणजे छबूबाईने, जुन्या लुगड्यात कापूस भरून माझ्या माथ्यावर गादी बांधली, खाली टायरचा तुकडा ठोकला, आणि मी कामाला लागले.

आता तिचा पाय कसा मोडला ते सांगते. एकोणीसशे ब्याऐंशी सालचा वैशाख होता. चुलत बहिणीच्या लग्नाहून धुरपदाबाई पाहुण्यांच्या मोटारीत बसून परत येत होती. 'तू कवा मोटारीत बसली न्हाईस, तू खिडकीपाशी बस,' असं म्हणून सगळ्यांनी कौतुकाने तिला दाराशी बसवलं. पोखर्णीच्या फाट्यावर डाव्या हाताच्या रस्त्याने एक भरलेला ट्रक न थांबता आला आणि मोटारीच्या कुशीत घुसला. नेमका तिच्याच दारावर. दार आत आलं आणि त्यात तिची मांडी सापडली. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. ती मात्र तीन महिने परभणीच्या दवाखान्यात होती. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डावा पाय दोन बोटं आखूड झाला.

आसाराम आणि धुरपदाबाई दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जात. त्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. त्या वर्षी मुकादम राधाकिशन दारात आला, त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आसारामकडे.

"आसाराम, मला लय वाईट वाटायलंय," तो म्हणाला, "पन अर्धा कोयता घिऊन मी काय करू?"

त्याचं काही चुकलं नव्हतं, तरी मला त्याचा राग आला. दोघांचं पोट ज्या कामावर होतं ते काम त्या दिवशी गेलं. आसाराम गावातच मिळेल त्या मजुरीला जाऊ लागला.

मग दिनकरराव वकिलांनी सांगितलं, की ट्रकचा विमा आहे. कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' म्हणतात. मित्रांनो, मी ती पायरी तेरा वेळा चढले आहे. दगडी पायऱ्या आहेत, टायरचा तुकडा घसरतो. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे. कधी बंद असे, कधी बस निघतच नसे, आणि आमची तारीख पुढे जाई. धुरपदाबाईचं मागणं एवढंच होतं, की दोन म्हशी घेता येतील इतकं मिळावं. म्हणजे घरी राहून, बसून उठून, आपल्या सवडीने काम करता येईल. पण पाय पुन्हा मोळी वाहण्याजोगा होणार नाही, हे कोर्टाला पटायला हवं होतं.

आणि इथेच आमच्या घराने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

एके दिवशी निरोप आला, की विमा कंपनीचे साहेब पाय बघायला घरी येणार आहेत. व्यंकटराव त्यांचं नाव. झालं! घरात लगीनघाई उडाली. जमीन सारवली गेली. छबूबाईने सुनेला नवं लुगडं नेसायला लावलं. शेजारून दूध आणलं. 'सायेब राजी झाला तर चांगलं लिहील,' असा त्या भोळ्या माणसांचा हिशोब. शेवटी छबूबाईची नजर माझ्यावर पडली.

"ही अवदसा आधी आत टाका. पावना घरात यायला अन् म्होरं कुबडी? अपशकुन दिसतोय!"

मला धान्याच्या कणगीच्या मागे कोंबलं. कणगी आणि भिंतीच्या फटीतून मी सगळं पाहिलं.

साहेब आले. घामाघूम झालेला, सभ्य माणूस होता. धुरपदाबाई चुलीपासून बैठकीपर्यंत स्वतःच्या हाताने चहा घेऊन गेली. नऊ पावलं होती. एक हात भिंतीला, एका हातात कपबशी. तिने दात असे आवळले होते की गालाची शीर वर आली. चहा मात्र बशीत सांडला नाही.

"काय बाई, बरं आहे ना आता?" व्यंकटरावांनी विचारलं.

"बरं हाय," ती पदर सावरत म्हणाली. "तुमच्या किरपेनं समदं बरं हाय."

व्यंकटरावांनी चार ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या: बाई कुबडीशिवाय चालते, घरकाम करते, प्रकृती बरी असल्याचे सांगते. त्यातलं खोटं काय होतं? पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने अंगठाही दिला. फटीतून मी ओरडत होते, पण लाकडाचा आवाज कोणाला ऐकू येतो?

तो कागद कोर्टात आला तेव्हा दिनकररावांनी कपाळाला हात लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी आमची गत होती. फाट्यावरचे साक्षीदार शोधत वकील गावोगाव फिरले, आणि घरातली खरी गोष्ट घरच्यांनीच झाकून ठेवली.

साक्षीचा दिवस उजाडला. कंपनीच्या वकिलांनी तिला विचारलं, "बरं आहे, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हनले."

"चहा तुम्हीच आणलात?"

"आनला."

"कुबडी होती हातात?"

"न्हवती."

वकील समाधानाने खाली बसले. माझं लाकूड आतून तडकतंय असं मला वाटलं. तेवढ्यात न्यायाधीश साहेबांनी स्वतः विचारलं, "बाई, पाय दुखत होता तर बरं आहे असं का सांगितलं?"

धुरपदाबाई गोंधळली. असा प्रश्न कोणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"सायेब, दारात आलेल्या पावन्याला कुनी दुखनं सांगतंय का? त्यो उन्हातान्हाचा आलता. त्येनं इचारलं बरं हाय का, मी म्हनलं बरं हाय. पाय दाव म्हनला असता तर सासूम्होरं दावला असता."

कोणी हसलं नाही. न्यायाधीश साहेबांनी चुलीपासून बैठक किती पावलं ते विचारलं आणि तेवढं चालून दाखवायला सांगितलं. तिने मला शिपायाच्या हातात दिलं. इथे धरायला भिंत नव्हती. चार पावलं ती गेली, पाचव्याला गुडघा दुमडला आणि ती खाली बसली. साहेबांनी सरकारी डॉक्टरकडून पायाची पुन्हा तपासणी करायचा हुकूम दिला.

डॉक्टरांनी पाय कायमचा अधू असल्याचं लिहून दिलं आणि पाच महिन्यांनी निकाल लागला. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण दोन म्हशी येतील एवढं मिळालं. दिनकररावांनी हात जोडले, आसारामने डोक्यावरची टोपी काढून डोळे पुसले. आम्ही पायऱ्या उतरू लागलो तेव्हा खाली व्यंकटराव उभे होते. निकाल ऐकायला कंपनीने त्यांनाच धाडलं होतं. ते पुढे आले.

"बाई, त्या दिवशी मी विचारलं ते कागदासाठी विचारलं. आज हातात कागद नाही. पाय कसा आहे तुमचा?"

खटला संपला होता. आता काहीही सांगितलं तरी त्याने मिळणार काही नव्हतं आणि जाणारही नव्हतं. धुरपदाबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"लय दुखायलंय वो दादा," ती म्हणाली. "पयल्या दिसापासून दुखायलंय. कूस बदलाया येत न्हाई मला."

आणि ती पायरीवर बसून ढसाढसा रडली. मित्रांनो, चार वर्षं मी तिच्या काखेत होते. हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. आसाराम जवळ आला.

"आगं, मला कवाच बोलली न्हाईस?"

"तुमी कवा इचारलं?" ती म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता.

आसाराम वाईट माणूस नव्हता. त्याने तपासणीच्या वेळी तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता, कोर्टाची एकही तारीख चुकवली नव्हती. फक्त विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. मग त्याने मला तिच्या काखेतून काढून घेतलं आणि तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवला. आमच्याकडे नवरा पुढे आणि बायको दहा पावलं मागे, अशी चालायची रीत. त्या दिवशी भर बाजारातून, लोक बघत असताना, ती दोघं बसस्टँडपर्यंत तशी गेली. मी त्याच्या दुसऱ्या हातात रिकामी लोंबकळत होते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

आता तिला काठी पुरते. मी गोठ्यातल्या खुंटीला आहे. माथ्यावरची गादी उंदरांनी नेली. माझी आठवण कोणी काढत नाही, तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात आई, आजी, शेजारची एखादी मावशी 'बरं आहे' म्हणाली, तर लगेच पुढे जाऊ नका. जवळ बसा आणि आणखी एकदा विचारा. वजन पेलायला आम्ही कुबड्या आहोत. विचारायला तोंड लागतं, आणि ते तुम्हाला आहे.