बडीशेपेच्या बाटल्या

आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चार दाणे साखर तरी घालून देतात. ही रीत चांगली आहे, मला आवडते, आणि हिच्यामुळे माझ्या चार वर्षांच्या अभ्यासाचे बारा वाजले असं मी बरेच दिवस सांगत होते. ते खरं नाही. बारा मीच वाजवले.

दोन हजार सहाचा सप्टेंबर. मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात आहारशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि माझा विषय होता कारलं. पुण्यात आईनं हे ऐकल्यावर विचारलं होतं, "एवढा पैसा खर्चून अमेरिकेला गेलीस, ती कारल्यासाठी?" पण माझ्या गाईड डॉ. लिन यांना ते पटवून द्यावं लागलं नव्हतं. त्या दक्षिण चीनमधल्या. त्यांची आजी उन्हाळ्यात कारल्याचं सूप करायची, अंगातली उष्णता उतरावी म्हणून. चिनी वैद्यकात कारल्याचे हजार गुण सांगितलेत, आपल्याकडेही तेच. डॉ. लिन म्हणायच्या, "माझी आजी खोटं बोलत नव्हती. पण ती मोजतही नव्हती. आपण मोजू."

म्हणून छत्तीस मधुमेही माणसं जमवायची, बारा आठवडे निम्म्यांना कारल्याच्या अर्काच्या कॅप्सूल द्यायच्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण आत नुसता स्टार्च भरलेल्या. कोणाला काय मिळालं हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. प्रत्येकाला दर पंधरवड्याला सत्तर कॅप्सूलची बाटली. रोज चार, म्हणजे छप्पन्न लागणार आणि चौदा मुद्दाम जास्तीच्या. बाटली परत आली की उरलेल्या मोजायच्या. चौदा उरल्या तर माणसानं नियमानं घेतल्या, तीस उरल्या तर चुकारपणा केला. इतकी साधी पद्धत.

छत्तीस माणसं जमवताना माझ्या नाकी नऊ आले. पस्तिसावर गाडी अडली तेव्हा मला राजारामकाका आठवले.

काका नागपूरला वीज मंडळातून निवृत्त होऊन मुलाकडे, सिद्धेशकडे राहायला आले होते. सिद्धेश सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे, आणि खोटं कशाला बोलू, त्या गावात मला माणसात आणणारं ते एकच घर होतं. काकांना साखर होती, पण बेताची. सुलेखाकाकूंची मात्र वीस वर्षांची मुरलेली, दिवसातून दोनदा इन्शुलिन. सिद्धेश महिन्या-दोन महिन्यांनी एडिसनला, देशी दुकानांच्या गावी, चार तास ड्राइव्ह करून वाणसामान आणायचा, त्यात गोठवलेल्या कारल्यांची पाकिटं काकूंसाठी ठरलेली.

मी विषय काढला तेव्हा काकूंनीच आधी हात पुढे केला. "मला घे गं अभ्यासात. ह्यांना काय धाड भरलीय!"

"काकू, इन्शुलिनवाल्यांना घेत नाहीत."

"का बरं?"

"नियम आहे."

बस, एवढंच बोलले मी. कारण साधं होतं. इन्शुलिनवर कारल्याचा अर्क चढला तर साखर भलतीच खाली जाऊ शकते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर ते लिहिलंही होतं, इंग्रजीत. पण मला पुढे बस गाठायची होती आणि समोर वांग्याचं भरीत होतं.

काका हसले. "कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. तसे हिचे नियम." मग त्यांनी सही केली. छत्तिसावी सही. मी त्यांना एकोणतीस क्रमांक दिला, कारण एक जण सही करण्याआधीच गळाला होता आणि तो आकडा रिकामा झाला होता.

पंधरा दिवसांनी काका बाटली घेऊन आले. धुतलेली, पुसलेली, आणि आत बडीशेप-खडीसाखर. तूप लावून भाजलेली बडीशेप. माझ्या टेबलभर वास सुटला. पलीकडे बसणारी कोरियन मुलगी मान लांब करून बघायला लागली.

मला हसू आवरेना. "काका! उरलेल्या गोळ्या कुठायत?"

"त्या होय," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "घरी काढून ठेवल्यात. पुढच्या वेळी आणतो. बाटली रिकामी कशी पाठवायची, म्हणून तुझ्या काकूनं..."

"किती उरल्यात?"

"किती उरायला पाहिजेत?"

"चौदा."

"मग चौदाच."

मी रकान्यात चौदा लिहिलं, शाईनं.

पुढच्या वेळी मी विचारलंच नाही. का नाही विचारलं? लाज वाटली. ज्यांच्या घरी दर रविवारी पोटभर जेवते, त्या माणसाला 'गोळ्या दाखवा, मला मोजायच्यात' म्हणायचं? आपल्यात ते होत नाही. अमेरिकन म्हातारे बिनदिक्कत बाटली टेबलावर ओतायचे, मी चमच्यानं दोन-दोन सारत मोजायचे, कोणाला काही वाटायचं नाही. काकांसमोर चमचा काढायला माझा हात धजला नाही. मी बडीशेप तोंडात टाकायचे आणि चौदा लिहायचे. असे सहा वेळा.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी जेवायला गेले तेव्हा काकूंच्या मनगटाला पट्टी होती. "पाय घसरला, तव्यावर हात टेकला," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

जानेवारीत संगणकावर गुपित उघडलं. कोणाला कारलं, कोणाला स्टार्च. डॉ. लिन आणि मी शेजारी बसून आकडे बघत होतो. कारलंवाल्यांची साखर उतरली होती, पण खात्रीनं म्हणावं इतकी नाही. केसभर कमी पडत होतं. तो केस म्हणजे माझी पदवी, डॉ. लिनची पुढची ग्रँट आणि त्यांच्या आजीचा शब्द.

"एकोणतीस," डॉ. लिननी बोट ठेवलं. "ह्याला कारलं मिळालं. एकही गोळी चुकवली नाही. आणि साखर जागची हलली नाही. सहाच्या सहा वेळा बरोबर चौदा? इतका शिस्तीचा माणूस मी पाहिलेला नाही. तू मोजल्यास ना?"

"हो," मी म्हणाले.

त्या चष्मा पुसत बसल्या. मला तिथं बसवेना.

शनिवारी दुपारी मी काकांकडे गेले. मनात काय होतं ते सांगते, लपवून काय उपयोग? काकांनी म्हणावं, "घेतल्या नाहीत गं मी, कंटाळा केला," आणि मी त्यांचं नाव यादीतून काढायची परवानगी मागावी. ते यादीतून गेले की केसभराची उणीव भरत होती. मी घरी हिशेब करून पाहिला होता.

काकू एकट्याच होत्या. काका लायब्ररीत गेलेले, सिद्धेश बाहेर. मला बघून काकूंनी दार लावलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"बरं झालं एकटी सापडलीस. इतके दिवस बोलताच येईना. ह्यांनी शपथ घातली होती. पण मृणाल, तुझे उपकार मी विसरणार नाही गं."

"कसले उपकार?"

"आता माझ्यापासून काय लपवतेस? माझ्यासाठी नियम मोडून गोळ्या दिल्यास ना तू. ह्यांच्या नावावर."

मी खुर्चीवर बसले.

काकूंनी स्वयंपाकघरातून भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. गेल्या वर्षाची, तरी टाकली नव्हती. तारखेच्या चौकोनात रोज सकाळची साखर पेन्सिलीनं लिहिलेली. सप्टेंबरात दोनशे दहा, दोनशे पाच. ऑक्टोबरात एकशे साठ. नोव्हेंबरात एकशे वीस, नव्वद, सत्तर. इतका सुंदर उतार माझ्या छत्तीस माणसांत एकाचाही नव्हता. काही चौकोनांत बारीक फुल्या होत्या.

"ह्या फुल्या कसल्या?"

"हात थरथरायचे, घाम फुटायचा. डोळ्यांपुढे काळोखी. मग खडीसाखरेचा खडा तोंडात टाकायचा की दहा मिनिटांत ठीक. म्हणून तर बडीशेप भाजून ठेवायला लागले. त्यातलीच तुला पाठवायची."

थँक्सगिव्हिंगच्या चौकोनात फुली होती, मोठी.

"काकू, त्या दिवशी तुमचा पाय घसरला नव्हता."

"नाही गं. शुद्धच गेली होती थोडी. तवा आडवा आला म्हणून बरं, चटक्यानं जागी झाले."

"डॉक्टरांना सांगितलंत? सिद्धेशला?"

"वेडी आहेस का?" काकू चिडल्याच. "सांगितलं असतं तर गोळ्या कुठून आल्या, कोणी दिल्या, सगळं निघालं असतं. तुझी नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता. माझ्यासाठी तू एवढं केलंस, आणि मी तुझं नाव घेऊ?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता गोळ्या संपल्या आणि साखर पुन्हा दोनशेवर गेली बघ. आणखी दोन बाटल्या मिळतील का गं?"

मला रडू फुटलं. ही बाई तीन महिने रोज मरणाच्या दारात डोकावून येत होती, माझी नोकरी टिकावी म्हणून.

"काकू, मी नाही दिल्या," मी म्हणाले. "मला माहीतही नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दिनदर्शिकेकडे. "म्हणजे ह्यांनी..."

काका आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. त्यांनी एका नजरेत ओळखलं. टोपी काढली, मफलर काढला, सावकाश घडी घातली.

"तिला गरज जास्त होती," काका म्हणाले. "माझी साखर एकशे तीस. मी काय करू गोळ्या खाऊन? निम्म्यांना खरं औषध, एवढं तू सांगितलं होतंस. म्हटलं, लागली तर लागली चिठ्ठी."

"पण माझं नाव का घेतलंत काका?"

"नाहीतर तिनं घेतल्या नसत्या. माझ्या तोंडचं ती काढून घेत नाही." ते थांबले. "आणि मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला?"

"पहिल्या वेळी मी सांगायचं ठरवूनच आलो होतो. तू म्हणालीस चौदा, मी म्हटलं चौदा, तू लिहिलंस. मला वाटलं दुसऱ्या खेपेला दाखवा म्हणशील. नाही म्हणालीस. तिसऱ्या खेपेला मी स्वतः थांबलो तुझ्या टेबलापाशी, पाच मिनिटं. तू बडीशेप खाल्लीस आणि चौदा लिहिलंस. मग मी समजलो, पोरीला कळलंय आणि काकूसाठी डोळेझाक करतेय. तुझं नाव घेताना मला खोटं बोलतोय असं वाटलंच नाही बेटा."

तिसरी खेप मला आठवत होती. काका मफलर गुंडाळत उगाच उभे होते, आणि मी मनात म्हणत होते, जा ना काका आता, मला काम आहे.

त्याच दुपारी मी सिद्धेशला फोन करून बोलावलं आणि त्याच्यासमोर सगळं सांगितलं. तो माझ्यावर ओरडला. ओरडणं रास्त होतं. सोमवारी सकाळीच तो काकूंना डॉक्टरांकडे घेऊन गेला. शनिवारी मला निरोप देताना काकूंनी फक्त एवढं विचारलं होतं, "पण मला गुण आला, हे तरी लिहिशील ना अभ्यासात?"

"नाही लिहिता येत काकू. तुम्ही अभ्यासात नव्हता."

"कमाल आहे बाई तुमच्या शास्त्राची."

सोमवारी मी डॉ. लिनच्या केबिनमध्ये गेले, शेवटची बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पहिलं वाक्य बोलले, "मी मोजल्या नव्हत्या." बाकीचं सांगायला अर्धा तास लागला. त्यांनी मध्ये अडवलं नाही. मी म्हटलं, एकोणतीसला काढून टाकू या का, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. ज्याला जी बाटली दिली तो त्याच गटात मोजायचा, खाल्ली असो वा नसो. तसं आधीच ठरलं होतं. म्हणजे कारल्याचा उपयोग सिद्ध झाला नाही, असंच आम्ही लिहिणार होतो. काकूंची फुलीवाली पानं विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे जाणार होती, पण अपघाताची नोंद म्हणून. माझं एक वर्ष वाढलं. कदाचित दोन.

त्यांनी बाटली उघडून वास घेतला. "आमच्या गावातही वाडगा रिकामा परत देत नाहीत," त्या म्हणाल्या. "मी असते तर मलाही मोजायला जड गेलं असतं. पण मी मोजलं असतं." मग एकोणतीसची फाइल माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं.

आमच्याकडे नोंद चुकली तर खोडरबर चालत नाही, पांढरी शाईही नाही. चुकीच्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, तारीख आणि सही करायची. मी पहिल्या चौदावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, मोजल्या नाहीत. मग दुसऱ्यावर. तिसऱ्याशी हात जरा थांबला. असं सहा वेळा. रेघेखाली चौदा अजून वाचता येतं. ते वाचता यावं, असाच नियम आहे.